मोगऱ्यावरचा करा

सोनाळा, ता. संग्रामपूर
मंगळवार, ३१ मार्च २०२६

चि. अवी,

ताईचा आशीर्वाद. इकडचे सगळे खुशाल आहेत असं लिहाची रीत आहे. सगळ्यात आता मी एकटीच उरली, अन् मी खुशाल आहे. गुडघा दुखते, पण तो बाबा होते तवाबी दुखतच होता. तू, सूनबाई अन् हर्षल नाशकाले मजेत असान. हर्षल आता चौथीत ना? गोविंदानं त्याच्या मोबाईलवर फोटो दाखवला. कान थेट बाबाचे आहेत पोराचे, टोपी घातली तरी लपणार नाहीत.

पत्र पाहून तू म्हणशीन, हे काय नवीन काढलं हिनं. अरे, तुह्या नंबरवर मी लावलं का दोनदा वाजते अन् कटते. म्हणून गोविंदाच्या मागं लागून पत्ता घेतला. चुलत भाऊ असून त्यानं आठ दिवस टाळलं, तुह्यी शपथ होती म्हणे त्याले. पोस्टात पाकीट मागतलं तं मास्तर माह्या तोंडाकडे पाहातच राह्यला. तुले फाडून फेकाचं असन तं शेवटपर्यंत वाचून फाडजो, एवढंच माह्यं म्हणणं. अन् भाषेले हसू नको. अंगणवाडीच्या अहवालात मी शुद्ध लिहिते, सुपरवायझर बाई नाव काढते माह्यं. तुले शुद्ध लिहिलं तं दुसऱ्याच कोणाले लिहून राह्यली असं वाटन.

बाग यंदा अशी फुलली का मलेच लाज वाटली. अडीच महिन्यामागं घरात मौत झाली अन् आंगणात जास्वंद लालभडक, कण्हेर गुलाबी, मधुमालती तं भिंत सोडून रस्त्यावर लोंबून राह्यली. कडूलिंबाले मोहोर आला. सकाळी झाडलं का दुपारी आंगण पुन्हा बारक्या फुलानं भरते. मोरीपाशी बाबानं लावलेला वाळा कमरेएवढा झाला. गल्लीच्या तोंडाशी ती शालूबाई कुंभारीण राहाते ना, तिच्यापाशी मी हे बोलली, तं ती म्हणे, 'बाई, झाडाले कुठचं आलं सुतक?' मंग मीबी कात्री घेऊन मधुमालती छाटली अन् कामाले लागली.

अन् मोगरा. तुह्या जन्माच्या साली बाबानं लावलेला, म्हणून घरात त्याले 'अवीचा मोगरा'च म्हणत. पाडव्यापासून रोज ओंजळभर कळ्या निघतात. बोअरचं पाणी आपल्याकडे खारं, त्या पाण्यानं मोगरा जगत नाही, हे तुले सांगाले नको. बाबा सायकलच्या दोन बाजूले दोन कॅनी बांधून मळ्यातल्या विहिरीचं गोडं पाणी आणत. एक कॅन माठाले अन् रांजणाले, दुसरी झाडाले. झाडालेबी लोटा मोजून. गाव हसे, किसनराव फुलाले गोडं पाजते अन् स्वतः खाऱ्यानं आंघोळ करते म्हणून. बाबा हसणाऱ्याच्या हातात दोन कळ्या ठेवत अन् पुढं जात.

तुले आठवते का रे? चैत्र लागला का आपल्या दोघाले उन्हं निघाच्या आधी उठवत. तुह्या हाती परडी, माह्या हाती तांब्या. कळी देठाशी नखानं खुडाची, ओढाची नाही. पहिली ओंजळ मारुतीच्या पाराले, दुसरी देव्हाऱ्याले, तिसरी तुळशीले, अन् उरलं ते मायच्या केसात. माय रोज म्हणे, 'मले कायले, पोरीच्या डोक्यात घाला,' अन् म्हणता म्हणता मान वाकवून उभी राहे. बाबा गजरा खोचत अन् बैलाकडे निघून जात. त्या दोघाचं प्रेम आपण एवढंच पाह्यलं, पण रोज पाह्यलं. तू लेका कळ्या मोजताना दोन कमी सांगे अन् त्या दोन तुह्या चड्डीच्या खिशात सापडत, धुताना, पिवळ्या पडलेल्या. कोणासाठी चोरत होता ते आजपर्यंत सांगतलं नाही.

मायचा सण वेगळा. पाडव्याची गुढी उतरली का फाटकाबाहेर रांजण मांडे. ओलं फडकं गुंडाळलेला, वाळ्याची जुडी घातलेला, वर लाकडाचं झाकण अन् दोन गिलास. मृग लागेपर्यंत. एस.टी.तून उतरलेला माणूस, बाजाराच्या बाया, शाळेतले पोट्टे, सगळे तिथं थांबत. युसूफभाई बांगडीवाले पाणी पेऊन झालं का म्हणत, 'अम्मा, अल्ला तुमको ठंडा रखे.' माय दुसरा गिलास विचारल्याबिगर कोणाले जाऊ देत नव्हती. एखादा नको म्हणाला तं तिले वाईट वाटे. पूजाअर्चा तिची साधीच होती, देवाले दिवा अन् माणसाले पाणी, एवढंच तिले येत होतं.

माय गेल्यावर रांजण चार वर्षं पालथा पडला होता. यंदा पाडव्याले मी सुलटा केला अन् भरला. चार वर्षं त्याले मले हात काऊन लावता आला नाही, ते पुढं सांगते. सांगाचं म्हणूनच लिहाले बसली, पण हात तिकडे वळूनच नाही राह्यला.

आधी बाबाचं सांगते. संक्रांत झाली अन् दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणे, फुप्फुसात उतरलं, अकोल्याले न्या. बाबा म्हणाले, 'अकोल्याची वाट मी तिच्यासंग लय चाललो. आता नाही.' तुले माहीत आहे, त्यांनी नाही म्हटलं का संपलं. तिसऱ्या दिवशी गेले. शेवटी पाणी मागत होते. मी चमच्यानं देत गेली, मागतलं तेवढं देल्लं, एकदाबी नाही म्हटलं नाही. मंग मले विचारलं, 'करा नीट ठेवला ना?' मी म्हटलं, हो, पोत्यात गुंडाळून कोठीत ठेवला. त्याच्यानंतर बोलले नाहीत.

तू आला तवा अग्नी देऊन झाला होता. गोविंदानं देल्ला, मी सांगतलं म्हणून. नाशकाहून याले येवढा वेळ लागते अन् गाव थांबत नव्हतं, त्याचा राग त्याच्यावर धरू नको. तू लांब बाभळीखाली उभा होता असं त्यानं सांगतलं. मंग तुह्यी गाडी फाटकापाशी थांबली ते मी खिडकीतून पाह्यलं. काच खाली केली, मोगऱ्याकडे पाह्यलं. मले वाटलं उतरशीन. मी गुडघा धरून पायऱ्या उतरली तोवर गाडी मारुतीच्या पारापर्यंत गेली होती.

तू काऊन उतरला नाही ते मले माहीत आहे. तुले वाटते या घरात तुह्या नावानं पाणी सुटलं.

हर्षलले हे वाचून दाखवशीन तं त्याले समजाव म्हणून लिहिते. अखजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, आपल्या घरी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची भांडी भरतात. पुरुषाच्या नावचा तो करा, बाईच्या नावची ती केळी. आत पाणी अन् वाळा, वर खरबूज नाही तं आंबा. ज्याचं कोणी गेलं नाही त्याच्या घरी भांडं नाही. जित्त्याच्या नावानं तं कोणीच भरत नाही.

गोविंदानं तुले फोनवर जे सांगतलं ते खरं आहे. तीन वर्षांमागं बाबानं शालूबाईकडून चार भांडी घेतली. आपल्या आज्याचा करा, आजीची केळी, मायची केळी, अन् चौथा एक करा. शालूबाईनं विचारलं, हा कोणाचा? बाबा म्हणाले, बांधा. शेजारी गोविंदा उभा होता. त्याले जे समजाचं ते समजलं अन् त्यानं तुले सांगतलं.

मी खोटं नाही बोलणार. तो तुह्याच नावचा होता. त्याच्या आदल्या अखजीले तू भावकीपुढं बाबाले जे बोलला, अन् मंग वर्षभर एक फोन नाही. बाबा घरी येऊन म्हणाले, 'माह्या पोरानं मले मेल्यात काढलं, मीबी त्याले पाणी देऊन मोकळा होतो.' मी पाया पडली. म्हटलं, बाबा, असं गावात कोणी केलं नाही, देव तरी काय म्हणन. ऐकलं नाही. त्यांचा राग तुले माहीत आहे, तोच तुह्या अंगात उतरला आहे.

पण गोविंदा पुढं पाह्याले थांबला नव्हता, म्हणून पुढचं तुले कोणी सांगतलं नाही. अखजीच्या सकाळी बाबानं चारी भांडी पाटावर मांडली. आज्याच्या कऱ्यात पाणी घातलं. आजीच्या केळीत घातलं. मायच्या केळीत घातलं अन् हात जोडले. मंग तांब्या चौथ्या कऱ्यावर नेला अन् हात तसाच राह्यला. आत चुलीवर पुरण लागलं, वास घरभर झाला, तरी मी जागची हलली नाही. बाबानं तांब्या खाली ठेवला. करा उचलला, मागच्या पायरीवर जाऊन बसले अन् खिळ्यानं त्याच्या बुडाले भोक पाडाले लागले. हळू हळू, तडा जाऊ न देता. भोकात कापसाची वात घातली, सुतळीचं शिंकं केलं, अन् मोगऱ्याच्या मांडवाले टांगला. तुळशीवर उन्हाळ्यात गळती बांधतात, तसा. त्याच्यात गोडं पाणी भरलं. पहिला थेंब पडाले लय वेळ लागला. पडला तवा माह्याकडे न पाहाता म्हणाले, 'जित्ता आहे तो. जिथं आहे तिथं त्याले गार राहू दे.' अन् आत येऊन लागलेलं पुरण खाल्लं.

तवापासून दर पाडव्याले तो करा कोठीतून निघे अन् मृगापर्यंत मोगऱ्यावर राहे. चहाच्या आधी बाबा कॅन घेऊन जात. 'अवीले पाणी देऊन येतो,' असंच म्हणत. शेजारी नवीन सून आली वैष्णवी, तिनं पहिल्यांदा ऐकलं तं तिले वाटलं घरात आणखी कोणी राहाते. पत्र लिही म्हणून मी किती वेळा म्हटलं. 'तो आल्यावर पाहू,' म्हणत.

यंदा मीच काढला पोत्यातून. वात बदलली, शिंकं नवं केलं. लिहिता लिहिता टपकण्याचा आवाज येऊन राह्यला.

पुढचं आज नाही लिहवत. उद्या अंगणवाडीत पोरायचं वजन घ्याचं आहे, काटा पुसून ठेवाचा आहे.


गुरुवार, २ एप्रिल, हनुमान जयंती

परवापासून पत्र गादीखाली आहे. हेच बंद करून टाकावं असं दोनदा मनात आलं. करा काही तुह्या मरणाचा राह्यला नव्हता, हे तुले कळलं, बाबाचा राग गेला होता हे कळलं, एवढ्यावर तू कदाचित येशीनबी. मंग बाकीचं कायले सांगाचं? असं वाटलं. हे असंच वाटत वाटत चार वर्षं गेले.

सकाळी पारावर जन्म झाला मारुतीचा, सुंठवडा वाटला. मी मोगरा घेऊन गेली अन् ओंजळ खालच्या पायरीवर ठेवून परत आली. चार वर्षांपासून मी मूर्तीपर्यंत चढत नाही. पुजाऱ्याले वाटते गुडघा.

आता सांगते. मध्ये थांबू नको, मीबी थांबत नाही.

मायच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा अकोल्याले मशीनवर नेत होतो. डॉक्टरनं दिवसाले अर्धा लिटर पाणी सांगतलं होतं, चहा अन् वरण धरून. ते माप कोण पाहात होतं? तुले वाटते बाबा. बाबा झाडाले लोटा मोजून देत, म्हणून तुले तसंच वाटन. नाही अवी. मी पाहात होती. पंधरा वर्षं पोरायचं वजन करून अन् तक्ते भरून माह्या अंगात मापच भिनलं होतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीले मी ब्लेडनं आठ रेघा मारल्या होत्या. एक रेघ म्हणजे एका वेळचं पाणी. डॉक्टरनं एकदा सगळ्यापुढं म्हटलं, 'ताई, तुमच्यासारखं कोणी ठेवत नाही.' मले लय बरं वाटलं होतं तवा. एस.टी.त बसून मायले मी दोनदा सांगतलं ते.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता आठवी रेघ संपली होती. ऊन असं का भिंतीले हात लागत नव्हता. माय मोगऱ्याच्या मांडवाखाली बाजेवर निजली होती. बाबा मोगऱ्याले पाणी देऊन राह्यले होते अन् ती त्या पाण्याकडे पाहून राह्यली होती. मले म्हणाली, पुष्पा, घोटभर. मी म्हटलं, माय, सकाळी. ती म्हणाली, बरं. थोड्या वेळानं पुन्हा मागतलं. मी पुन्हा तेच म्हटलं. पोराले समजावते तसं, गोड आवाजात. मंग बाबा उठले अन् माठातून गिलास भरून आणला. मायनं दोन्ही हात पुढं केले.

मी तो गिलास बाबाच्या हातातून घेतला.

बाबा म्हणाले, 'एवढा देऊ दे बाई.'

मी म्हटलं, 'तुमच्या लाडानंच जाईन ती.'

अन् तिले पाणी समोर दिसू नये, तिचा जीव त्याच्यात अडकू नये म्हणून मी ते मोगऱ्याच्या बुडात ओतून देल्लं. रिकामा गिलास बाबाच्या हातात देल्ला अन् घरात गेली, कारण मले रडू आलं होतं. तवाच फाटक वाजलं. तू आला होता.

तुले काय दिसलं ते मले माहीत आहे. माय हात पुढं करून बसलेली, बाबा रिकामा गिलास घेऊन मोगऱ्यापाशी उभे, अन् बुडातली माती ओली. तू बॅग टाकून मायकडे धावला. मी आतून सगळं ऐकलं. दिवेलागणीच्या आधी माय गेली.

पंधरा दिवसांनी मी अकोल्याले फाईल घेऊन गेली, डॉक्टरले विचाराले. तो म्हणे, 'ताई, त्या अवस्थेत एका गिलासानं काही फरक पडला नसता. मनाले लावून घेऊ नका.' बिचाऱ्यानं माह्या समाधानासाठी म्हटलं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसली अन् दोन एस.ट्या सुटल्या तरी उठली नाही. फरक पडत नव्हता अवी. पाजलं असतं तं चाललं असतं.

मंग अखजी आली, मायची पहिली. बाबा तिची केळी भरत होते. भावकी जमली होती. तू सगळ्यापुढं म्हटलं, 'जित्तेपणी तिचं पाणी मोगऱ्याले पाजलं, अन् आता मडक्याले पाजून राह्यले.' बाबानं मान वर केली अन् माह्याकडे पाह्यलं. मी दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. मले एकच वाक्य बोलाचं होतं. मी ताट घेऊन आत गेली.

तू गेल्यावर मी बाबाले म्हटलं, मी अवीले सांगते. बाबा म्हणाले, 'तो बापासंग भांडला. बापलेक भांडतात, उद्या येईनबी. तुह्यासंग भांडला तं तुले माहेर राहाणार नाही. नवरा गेला तुह्या, पोर नाही, बाळ नाही. कुठं जाशीन? तू चूप राह्य.' अन् मी चूप राह्यली. बाबानं सांगतलं म्हणून राह्यली असं मी चार वर्षं स्वतःले सांगत आली, पण मलेबी तेच पाहिजे होतं. हे घर पाहिजे होतं, राखीपौर्णिमा पाहिजे होती. ती तं तशीबी गेलीच. चौथ्या कऱ्यापाशी बाबाचा हात थांबला तवा मी चूप होती. ते मोगऱ्याले 'अवी' म्हणून पाणी घालत तवा मी चहा टाकत होती. शेवटच्या दिवशी चमच्यानं पाणी पाजताना मी मनात म्हटलं, आता म्हणतीन, सांग त्याले. त्यांनी कऱ्याचं विचारलं. माह्यं नाव मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही.

तू बापाले चार वर्षं ज्याच्यासाठी बोलला नाही, ते त्यांनी केलंच नव्हतं. ते बिचारे गिलास भरून आणणारे होते.

अखजी एकोणीस एप्रिलले आहे, रविवार. कालच शालूबाईकडून भांडी आणली. यंदा बाबाचाबी करा आहे त्याच्यात. तिनं कापडात बांधता बांधता विचारलं, पाणी कोणाच्या हातचं? मी म्हटलं, पाहू. माय म्हणे, त्या दिवशी गेलेले माणसं तहानेले येतात अन् आपापल्या भांड्यातलं पेऊन जातात. तुह्या याच्यावर विश्वास नाही, माहीत आहे मले. माह्या आहे, अन् त्याच्यानंच माह्यी झोप गेली. चार वर्षं मायची केळी बाबानं भरली, मी त्या दिवशी चुलीपासून उठली नाही. बाबा माह्या हातचं पेतीन, शेवटी पेलेच होते. पण माय आली तं? ती पुन्हा हात पुढं करन, अन् आधी पाहीन का गिलास कोणाच्या हातात आहे. अन् मंग 'बरं' म्हणन अन् जाईन. तिचं ते 'बरं' मले आता ऐकवणार नाही.

म्हणून तू ये. माह्यासाठी नको येऊ. मायले पाणी द्याले ये, अन् बाबापुढं एकदा बस. मी त्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसीन, रविवारी तिथं कोणी नसते. किल्ली शालूबाईपाशी ठेवीन. पाटावर भांडी मांडून, वाळा घालून, गोड्या पाण्याची कॅन भरून ठेवीन. स्वयंपाक करून झाकून ठेवीन, तो खाजो का नको ते तुह्यं तू पाह्य. पहिलं पाणी मायले घाल. माप पाहू नको. वरून वाहाले लागलं तरी घालत राह्य. मंग बाबाले घाल अन् त्यांना काय सांगाचं ते सांग. मोगऱ्यावरचा करा मी उतरवत नाही. तो तुह्या आहे, उतरवाचा तं तूच उतरव.

परत जाताना तुले वाटलं तं अंगणवाडीवरून जाजो. नाही वाटलं तं सरळ जाजो, मी खिडकीत येणार नाही. बाबानं माह्यं माहेर चार वर्षं स्वतःच्या अंगावर घेऊन राखलं. माह्यं तं ते नव्हतंच, म्हणून आज तुह्यं तुले परत देते. सूनबाईले नमस्कार. हर्षलच्या कानावरून माह्यावाला हात फिरव.

पाकिटात पाच कळ्या घातल्या. पोचेपर्यंत पिवळ्या पडतीन.

वर 'ताईचा आशीर्वाद' लिहिला, तो सवयीनं लिहिला गेला. इथं खाली ताई लिहाचं का नाही, ते तू ठरवजो. तोवर नुसती,

पुष्पांजली